घाटंजीच्या घरात समुद्राचा मासा

घाटंजीला माझी धाकटी बहीण दिली आहे. घर शेतकऱ्याचे. पऱ्हाटी, तूर, थोडे सोयाबीन, दोन म्हशी आणि एक बोअर. गेल्या वर्षी पोळा झाला आणि चार दिवसांनी भाच्याचा फोन आला, "मामा, घरी समुद्र आणला. एकडाव पाहाले या."

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. आता निवृत्त आहे. असे बोलावणे आले की मला घरी बसवत नाही. गेलो. समोरच्या खोलीत तीन फूट लांबीची काचेची पेटी, वर निळा दिवा, आत पांढरी वाळू, आणि त्या वाळूवर तरंगणारा एक मासा. जेमतेम बोटभर, पण काय रंग! अंग गर्द निळे, त्यावर चित्रकाराच्या रंगफळीसारखा काळा पट्टा आणि शेपूट हळदीची. २०१६ साली आलेल्या 'फाइंडिंग डोरी' या चित्रपटातली विसरभोळी डोरी म्हणजे हाच मासा. पोरगा नागपूरला शिकतो. लहानपणी पाहिलेली डोरी त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. खर्चाचे पैसे वाचवून त्याने एका दुकानातून पेटी, पंप, मिठाची पिशवी आणि मासा असे सगळे एकदम आणले होते.

खोलीत शेजारपाजारची मुले जमली होती. भाच्याची आजी खाटेवरून बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारले, "काय गा मास्तर, मासा तं पाण्यातच राह्यते, मंग त्याले तहान लागते का?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला असेल.

समुद्राच्या माशाला तहान लागते, आणि तो पाणी पितोही. आपल्या घरातले लोणचे आठवा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की फोडी आक्रसतात आणि बरणीत पाणी सुटते. मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. कोरड्या जमिनीत युरिया जास्त पडला की रोप करपते, त्यामागेही हेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून समुद्र त्या माशाच्या अंगातले पाणी रात्रंदिवस ओढत असतो. ती तूट भरायला मासा खारे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. आपल्या तळ्यातल्या रोहू-कटल्याचे बरोबर उलट. त्यांच्या अंगात पाणी आपोआप शिरते, म्हणून ते जवळजवळ पाणी पीत नाहीत, नुसती लघवी करून ते बाहेर काढतात. रोहू समुद्रात सोडला तर तो सुकून मरेल आणि डोरी आपल्या विहिरीत सोडली तर तिच्या अंगात पाणी भरून ती मरेल.

आजीला हे पटले. "म्हंजे बिचारं खारं पिऊन तहान भागवते," ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी परतलो. अकराव्या दिवशी भाच्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. "मामा, मासा आडवा पडून राहिला. लवकर लवकर श्वास घेते." हा मासा घाबरला की कडेवर पडून मेल्याचे सोंग करतो, हे मला ठाऊक होते. तसे असावे म्हणून मी त्याला धीर दिला. पण ते सोंग नव्हते. संध्याकाळपर्यंत मासा गेला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्या रिकाम्या पेटीसमोर बसलो आणि काय चुकले ते एकेक करून शोधले. पहिली चूक इतकी मोठी होती, की बाकीच्या चुका निघाल्या नसत्या तरी मासा वाचला नसता. दुकानदाराने पेटी आणि मासा एकाच दिवशी विकले होते.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. ताजे शेण पिकाच्या बुडाशी घातले तर पीक जळते. तेच शेण उकिरड्यात कुजले की सोने होते. कुजवणारे जंतू मधले काम करतात. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. उरलेले खाद्य सडले तरी अमोनियाच. युरिया टाकल्यावर जमिनीत तयार होतो तोच हा. जमिनीत एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते पिकाला लागू पडते. काचेच्या पेटीतही हेच जंतू लागतात. ते वाळूवर, दगडावर, गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. त्यांची वस्ती पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर पेटीत अमोनिया साचत राहतो आणि मासा आपल्याच घाणीत गुदमरतो. खाऱ्या पाण्यात हा धोका जास्त, कारण समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते; त्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो. सामू आणि उष्णता वाढली की अमोनिया अधिक विषारी होतो.

माती परीक्षण करतो तसे पाण्याचे परीक्षण करता येते. थेंब टाकून रंग पाहायच्या बाटल्या मिळतात. मासा मेल्यावर भाच्याने त्या मागविल्या. अमोनियाचा रंग गडद आला. माशाआधी त्या बाटल्या आणल्या असत्या तर!

दुसरी चूक पेटीच्या मापाची. तीन फुटी पेटीत शंभर लिटरच्या आसपास पाणी बसते. डोरीच्या जातीचा मासा पूर्ण वाढला की फूटभर लांब होतो आणि ही पेटी रुंदीला होती एक फूट. म्हणजे मोठेपणी त्याला नीट वळताही आले नसते. या माशांना टँग म्हणतात, कोणी सर्जन मासे म्हणतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा धारदार काटा असतो, त्यावरून हे नाव पडले. ऐंशीच्या वर जाती आहेत. पिवळाधमक टँग त्यातल्या त्यात लहान, वीतभर. त्यालाही चारशे लिटरची पेटी हवी. डोरीला सातशे लिटर दिले तर बरे. दोन टँग एका लहान पेटीत ठेवले तर एकाच गोठ्यात दोन वळू बांधल्यासारखे होते आणि तो काटा तेव्हा बाहेर येतो. जाळीने पकडतानाही तो काटा अडकून मासा जखमी होतो, म्हणून त्याला भांड्यातच घ्यावे.

आणि हा मासा चरणारा आहे. समुद्रात तो सकाळपासून सांजेपर्यंत प्रवाळांच्या दगडांवरचे शेवाळ खुडत फिरतो, बकरीसारखा. दुकानदाराने दिलेले खाद्य मांसाहारी माशांचे होते. टँगला वाळवलेले समुद्रशेवाळ चिमट्याला लावून रोज द्यावे लागते. अगदी नसेलच तर पालक उकळत्या पाण्यातून काढून द्यावा, पण नुसत्या पालकावर त्याचे भागत नाही. चारा कमी पडला की पोट आत जाते आणि पुढे डोक्यावरची कातडी झडू लागते.

आता पाण्याचे सांगतो, कारण आपल्याकडे खरी अडचण तीच आहे. समुद्र घाटंजीपासून कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर. तेव्हा खारे पाणी घरीच करावे लागते. खायचे मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ काही असते. यासाठी तयार मिश्रण मिळते. शंभर लिटरला साडेतीन किलो, चारशे लिटरला चौदा किलो. शिवाय दर पंधरवड्याला पंधरा-वीस टक्के पाणी बदलायचे, म्हणजे दर खेपेला आणखी दोन-तीन किलो. हे मीठ वेगळ्या टबात आदल्या दिवशी विरघळवावे. मासा असलेल्या पेटीत कधीही टाकू नये. खारेपणा मोजायला हायड्रोमीटर लागतो. दूध डेअरीतला लॅक्टोमीटर आपल्याला माहीत आहे, त्याचाच तो भाऊ. चांगल्या दुधात लॅक्टोमीटर २८ ते ३२ वर उभा राहतो; समुद्राच्या पाण्यात तो २५ च्या आसपास राहील. पण दुधाचा लॅक्टोमीटर पेटीत बुडवू नका, वेगळा आणा.

कोणी म्हणेल, विदर्भात खारे पाणी कमी आहे का? अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, लोणारचे सरोवर आहे. पण खारे म्हणजे समुद्राचे नव्हे. त्या पाण्यातले क्षार वेगळे, त्यांचे प्रमाण वेगळे. लोणारच्या पाण्यात तर आपले गावठी मासेही जगत नाहीत.

बोअरचे पाणीही थेट चालत नाही. आपल्या जिल्ह्यातले पाणी जड आणि काही गावांत त्यात फ्लोराईडही असते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे लागते आणि आरओ यंत्र गाळलेल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया घालवते. मे महिन्यात हांड्यांची रांग लागते अशा गावात हे कुणालाही खटकेल. जावईबापू एरवी कमी बोलतात, पण ते म्हणाले, "दादा, पऱ्हाटीले पाणी नाही अन् माशाले आरओचं!" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. फार तर आरओचे वाया जाणारे पाणी भांडी-धुण्याला वापरता येते.

काढलेल्या खाऱ्या पाण्याचे काय करायचे, हा विचारही आधी करावा लागतो. बहिणीने मला अंगणात नेले. "दादा, तुळस कायनं वाळली पाह्य जरा." भाच्याने दोन वेळा पेटीतले पाणी काढून वृंदावनात ओतले होते. पाण्याचा अपव्यय नको म्हणून! तुळशीची पाने कडेने तपकिरी होऊन गळून गेली होती, शेजारचा मोगरा अर्धा मेला होता. खारे पाणी झाडाला, शेताला, बोअरच्या आसपास कुठेही टाकू नये. पेटीतल्या पाण्याची वाफ होते पण मीठ मागे राहते, त्यामुळे रोज आटलेले पाणी भरताना साधे पाणी भरायचे, खारे नाही. ओलिताची जमीन क्षारपड का होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला पेटीच्या खाली दिसली. टेबलाखाली फवारणीचा पंप आणि कीटकनाशकाच्या तीन बाटल्या. हंगामच तो. पेटीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत विषाचा वास असेल तर तोही पाण्यात जातो. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना इतकी घातक, की हजार लिटर पाण्यात काही थेंब गेले तरी पुरे. फवारणी करून आलेला हात साबणाने धुतला तरी त्या दिवशी पेटीत घालू नये. हा मासा विषाने मेला असे मी म्हणत नाही. अमोनियाचा पुरावा समोर होता. पण त्याच खोलीत आजी झोपत होती. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्याने फवारणीच्या विषबाधेत माणसे गमावली आहेत. माशाच्या निमित्ताने का होईना, त्या बाटल्या त्याच दिवशी गोठ्यामागच्या कुलपाच्या पेटीत गेल्या.

मासा सप्टेंबरात गेला म्हणून उन्हाळ्याची परीक्षा झालीच नाही. टँगला २४ ते २६ अंश पाणी मानवते. आपला पारा मे महिन्यात ४४-४५ ला टेकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. अशा वेळी वीज गेली तर मोठ्या पेटीतला मासाही काही तासांत वर येऊन तोंड उघडू लागतो. पाणी थंड ठेवणारे यंत्र, त्याला इन्व्हर्टर, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, एवढी तयारी नसेल तर टँग ठेवण्याचा विचार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगाचेही थोडे सांगतो. या जातीला अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग फार चटकन होतो. तो जंतू तांब्याने मरतो. आपल्या मोरचुदातही तांबेच आहे. पण मोजमापाशिवाय मोरचूद टाकले तर रोगाआधी मासा मरतो, आणि कोळंबी-शिंपले तर कोणत्याही मात्रेत टिकत नाहीत. यावर उपाय तोच, जो नवीन बैल आणल्यावर आपण करतो. महिनाभर वेगळा बांधायचा.

भाच्याला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. मी त्याला विचारले, "हा मासा कुठून आला असेल?" त्याला वाटत होते, कोंबडीच्या पिल्लांसारखी याची पैदास होत असेल. ती अलीकडेच साधली आहे. पिवळा टँग २०१५ मध्ये हवाई बेटांवरच्या संशोधकांनी आणि निळा २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्यांनी पहिल्यांदा टाक्यांत वाढवला. पिल्ले इतकी सूक्ष्म असतात की त्यांना भरवायला खाद्यच मिळत नव्हते. बाजारात येणारे बहुतेक निळे टँग अजून समुद्रातूनच पकडलेले असतात, मुख्यतः इंडोनेशिया आणि फिलिपाइन्सकडून. तिकडे काही ठिकाणी पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची वाईट पद्धतही चालत आली आहे. असा मासा वरून चांगला दिसतो आणि काही दिवसांत जातो.

टँग समुद्रात करतो ते काम निंदणाचे. प्रवाळावर शेवाळ माजले की प्रवाळ गुदमरतो. हे मासे ते खुडत राहतात म्हणून नव्या प्रवाळाला जागा मिळते. १९९८ साली समुद्र तापून आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांची फार हानी झाली होती. अशा वेळी शेवाळ खाणारे मासे भरपूर असले तर प्रवाळ पुन्हा धरायला मदत होते. निंदणाऱ्या बायाच पळवून नेल्या तर शेताचे काय होईल, एवढेच मी म्हटले. पोरगा बराच वेळ गप्प बसला.

कायद्याचीही एक गोष्ट वाचकांना ठाऊक असू द्या. पेटी सजवायला जिवंत प्रवाळ देतो, समुद्रघोडा देतो, असे कोणी म्हटले तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना २००१ पासून संरक्षण आहे. विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो.

शिक्षक असताना मी मुलांची सहल घेऊन मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय अगदी समुद्राच्या कडेला. समुद्र हाकेवर असूनही माशांच्या दिमतीला माणसे राबत होती. अलीकडे ती जुनी इमारत बंद करण्यात आली आहे. भाच्याला मी ते सांगितले आणि म्हटले, तुझ्याकडे तू एकटाच आहेस आणि तूही आठवड्यातले पाच दिवस नागपूरला. मागे हे सगळे करणार कोण? तर त्याची आई. मिठाचे पाणी ढवळणे, काच पुसणे, वीज गेली की पंप लावणे, हे सगळे तिने म्हशींचे करून केले होते. तिला कोणी विचारलेही नव्हते.

मग पेटी विकायची का? मी नको म्हटले. काच फुटलेली नव्हती आणि पोराची हौसही खरी होती. मी त्याला मोली मासा सुचवला. मोली गोड्या पाण्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो, पण निसर्गाने त्याला दोन्ही पाण्यांत राहण्याची ताकद दिली आहे. आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मीठ वाढवत नेले तर तो पूर्ण समुद्राच्या पाण्यातही राहतो. शेवाळ खातो, उष्णता टँगपेक्षा पुष्कळ सोसतो आणि पैदासही आपली आपण करतो. खाऱ्या पाण्याचे काम शिकायला याहून चांगला गुरू नाही. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी विदूषक मासा आहे. त्याची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजम येथे साधली आहे, म्हणजे समुद्रातून ओरबाडलेला मासा घ्यावा लागत नाही. आणि माहिती हवी असेल तर नागपुरात मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. दुकानदाराआधी तिथे विचारावे.

या वेळी भाच्याने पेटी सहा आठवडे रिकामी चालवली. रिकामी म्हणजे माशाविना. रोज चिमूटभर खाद्य टाकायचे, जंतूंना खायला मिळावे म्हणून. बाटल्यांतले रंग वहीत लिहून ठेवले. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. दोन्ही शून्यावर आल्यावर दिवाळीनंतर चार मोली आले. आईशी आधी बोलणे झाले. पाणी बदलणे शनिवार-रविवारी भाच्यानेच करायचे, आणि काढलेले खारे पाणी न्हाणीच्या मोरीत.

या उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांपर्यंत गेले. पेटीवर टेबलपंखा लावला की दोन-तीन अंश उतरत असे. एका दुपारी वीज पाच तास नव्हती, तेव्हा बहिणीने बॅटरीचा पंप लावला आणि फ्रीजमधली गोठलेली बाटली पाण्यात तरंगत ठेवली. एक मोली गेला. बाकी तिघे आहेत आणि आता पिल्लेही आहेत. भाच्याने सतरा मोजली, आजी म्हणते वीस.

परवा गेलो तेव्हा आजी खाटेवरच होती. मला पाहून म्हणाली, "मास्तर, हे पेतात का पाणी?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात आतून भाचाच म्हणाला, "आता पेतात, आजी. दुकानात होते तवा नव्हते पेत."